काटेवाल्याच्या सहीसाठी राखलेली जागा

मी, तराजूंच्या कारखान्यातला माजी पत्रलेखक, परवा हृदयाच्या शस्त्रक्रियेला जाण्यापूर्वी हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. पत्नीला त्याबद्दल शंका आहे. परंतु ती लग्नापासूनचीच असल्याने ग्राह्य धरू नये.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची, तिच्या पश्चात मुलीची. यात कोणाही चुलत-मावस नातलगाने नाक खुपसू नये.

२. संस्कृत कोश मेहुण्यांना. ते कोशांची उशी करतील. करोत. पाठशाळेत मीही तेच करीत असे आणि तरी पहिला येत असे.

३. ‘निष्ठावान सेवक’ असे कोरलेली पितळी ढाल धाकट्या मालकांना परत करावी. कारण नोंदवतो. मोठ्या मालकांच्या वेळी एखादा तराजू सदोष म्हणून परत आला, की तो मधल्या टेबलावर ठेवायचा, सगळ्यांनी भोवती बसून चहा घ्यायचा आणि दोष शोधायचा, अशी रीत होती. कोणाच्या हातून झाले, हे विचारायचे नाही. कोणी सुरुवात केलीच तर मालक म्हणत, “काटा चुकलाय, माणूस नाही. चहा घ्या.” एवढ्यावर आम्ही जास्त पगाराच्या नोकऱ्या नाकारल्या. ते गेले, चिरंजीव आले. मधले टेबल हलवले गेले आणि एकेकाला केबिनमध्ये बोलावून “चूक कोणाची?” हे सुरू झाले. शेजारी बसणारी माणसे एकमेकांपासून कागद झाकू लागली. ढाल मला त्याच सुमारास मिळाली. निष्ठा होती तेव्हा ढालींची गरज पडली नव्हती.

४. काटेवाला. तराजूंना काटा बसवणारा, माझा जिवलग. औषधांच्या दुकानांकडे गेलेला माल परत आला, तेव्हा आम्हा दोघांना वेगवेगळे बोलावले. मी सांगितले, मागणी उतरवून घेताना माझाच आकडा चुकला. ते खोटे होते. त्याला वाचवायचे होते. धाकटे मालक म्हणाले, “तुमचा मित्र आधीच सगळं बोलून गेलाय.” आणि दोघांनाही काढले. फाटकाशी त्याने माझ्याकडे पाहिले नाही, मीही पाहिले नाही. तेव्हापासून अबोला.

गेल्या आठवड्यात कारखान्यातल्या चहावाल्या मावशी माझी विचारपूस करायला आल्या. त्या दिवशी केबिनमध्ये दोन्ही वेळा चहा घेऊन त्याच गेल्या होत्या. नोकरी जाईल म्हणून आजवर गप्प राहिल्या; आता निवृत्त झाल्या. म्हणाल्या, “अहो दादा, त्यानंही हेच सांगितलं होतं! काटा माझ्या हातून चुकला, त्याला काही म्हणू नका, म्हणाला. मालकांनी त्यालाही तुमच्याबद्दल तेच ऐकवलं. एकमेकांना वाचवायला गेलात नि दोघंही बुडालात. वर तोंडं फिरवून बसलात, शहाणे!”

मी त्यांना तसेच त्याच्याकडे धाडले. परत आल्या. “सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘आता कशाला?’ दार लावून नाही घेतलं पण.”

त्या ‘पण’वर मी आठवडा काढला आहे.

५. काटेवाल्यास या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराने वारसा घेऊ नये. आणि मला त्याची सही हवी आहे. टपाल तोलायचा छोटा काटा त्याने एकदा माझ्यासाठी करून दिला होता. इतकी वर्षे रागावलेलो असूनही तो रोज पुसत आलो. तो मी जिवंतपणीच त्याच्या हातात देईन.

पत्नी म्हणते, “शेजारच्या डॉक्टरांना बोलावते की! दोन मिनिटांचं काम.” नको. सही करीन ती त्याच्या देखत. तो आला नाही तर हा कागद रद्दीत जाईल. घर कायद्याने बायको-मुलीलाच मिळेल. ढाल तेवढी परत करायची राहील.

टेबल ओढून खोलीच्या मधोमध घेतले आहे. कोणाची चूक, हे कोणी विचारणार नाही.

ठिकाण: याच टेबलाशी.

साक्षीदार पहिल्या: चहावाल्या मावशी (आल्या आहेत, आधण ठेवले आहे)

साक्षीदार दुसरा: काटेवाला ____________

लिहून ठेवणार: पत्रलेखक ____________

दिनांक: तो येईल तो. परवा सकाळी मला न्यायला गाडी येईल. तोवर दार लावून घेणार नाही.