रडून नाही राहिला वं

बाबा, तुमचा रेकॉर्डप्लेयर एकदाचा सुरू झाला. तुम्ही गेल्यापासून माळ्यावर पडून होता, आतलं रबर वितळून गुळासारखं चिकट झालेलं. इतवारीत एकजण अजून असली कामं करतो असं कळलं, म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून ऑटोने नेला आणि परवा तसाच मांडीवर घेऊन सक्करदऱ्याला परत आले. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला मी त्या ऑटोवाल्यावर खेकसत होते. तुमच्या वस्तूंच्या बाबतीत मी अशीच आहे.

कामठीच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवायचात. छावणीतल्या साहेबांच्या बदल्या झाल्या की तिथल्या भंगारवाल्याकडे तबकड्या यायच्या आणि त्यातल्या जाझच्या तेवढ्या निवडून तुम्ही बसने घरी आणायचात. आई म्हणायची, "लोकं येतानी भाजी आणतात, आमच्या घरी बाजा येते." दसऱ्याला दीक्षाभूमीवरून पुस्तकांच्या दोन पिशव्या यायच्या त्या वेगळ्याच. कपाटाच्या दाराला आतून तुम्ही जुन्या कॅलेंडरांतली चित्रं चिकटवली होती. मी शाळेचा फ्रॉक काढायला दार उघडते आहे, आणि मागून तुमचा आवाज येतो, "थांब बेटा. हे निळं पाह्य जरा." उशीर झाला असला तरी निळं पाहिल्याशिवाय सुटका नसायची.

एकदा मी विचारलं होतं, "बाबा, मोहल्ल्यात कोणीच हे ऐकत नाही, तुम्हीच काहून ऐकता?" तुम्ही सुई उचलून धरलीत. म्हणालात, "हे वाजवणारे अमेरिकेतले काळे लोक आपल्यावाणीच होते. त्यायलेही कोणी जवळ बसू देत नव्हतं. मग त्यायनं असं वाजवलं का दुनियाच जवळ येऊन बसली." हे वाक्य मी पुढे कुठे कुठे सांगितलं असेल, विचारू नका.

आणि ती छोटी तबकडी, अर्धं लेबल उडालेली, माझी लाडकी. त्यात गाणारं कुणी नाही. एक ट्रम्पेट दाटल्या गळ्याने सावकाश काहीतरी सांगतो आहे. "हा माणूस रडून राहिला," मी म्हणायची. तुम्ही हसायचात. "रडून नाही राहिला वं. नीट ऐक." मी जन्मभर नीट ऐकलं आणि मला रडणंच ऐकू आलं. तुम्हाला नेलं त्या दिवशीही डोक्यात तेच वाजत होतं.

परवा घरी येऊन तीच लावली, तर ट्रम्पेट उड्या मारत सुटला. मागे ढोल, टाळ्या, नुसता धिंगाणा. "बिघडवून ठेवला त्या मेल्यानं!" मी ओरडले. आई तुरीच्या शेंगांचे सोले काढत बसली होती. तिने मानही वर केली नाही.

"बिघडला नाही वं. ऑटोत तो तबकडी हळू-जोरात फिरवाचा खटका सरकला असन. ते गाणं असंच आहे, तुह्या बाबाचं सगळ्यात आवडीचं. तू लहान होती तवा तुह्या बाबानं असंच लावलं, तर तू कान दाबून भोकाड पसरलं. मग त्यायनं खटका खाली करून हळू लावलं, अन् तू त्यायच्या मांडीवर झोपून गेली. तवापासून हळूच. म्या म्हटलं, आता सांगा ना पोरीले. तर म्हणे, राहू दे, एक दिवस तीच वर करंन."

मी कशाला वर करते, बाबा! तुमच्या प्लेयरला हात लावायचा नाही, हे मला कुणी न सांगताच पाठ होतं. म्हणजे तुम्हाला सगळ्यात आवडणारं गाणं तुम्ही माझ्यासमोर एकदाच नीट ऐकलंत, आणि तेही मी रडून बंद पाडलं. नंतर माझ्याबरोबर हळू ऐकत बसलात, मी खटक्याला हात लावायची वाट पाहत.

परवापासून घरात दुसरं काही वाजत नाही. काल आईचा पायसुद्धा हलत होता, विचारलं तर म्हणाली मुंग्या आल्या. तुमचा पाय कसा हलला असता, ते मी खुर्चीकडे बघून ठरवायचा प्रयत्न करते आणि मला जमत नाही. मी तुम्हाला तसं कधी पाहिलंच नाही. तुमची फार आठवण येते.

हा कागद कुठे जाणार नाही, तबकडीच्या पाकिटात राहील. शेवटी लिहिणार होते की काही झालं तरी आपलं हळू वाजणारंच मला प्रिय आहे. ते खोटं झालं असतं. हे भरधावच आवडलं, बाबा. कितीतरी जास्त आवडलं.