माढ्याच्या गटाराचं पाणी

४ ऑगस्ट

बुद्धप्रिया ताईनं काम दिलं. ताई म्हणजे मोठ्या आत्याची मुलगी, पीएचडी करतीय. काम काय — गटाराचं पाणी बाटलीत भरून आणायचं! आई म्हणाली, "बारावी अर्धी सोडलीस, कुठंबी टिकला न्हाईस. आता गटारच राहिलं हुतं."

पण त्या पाण्यात जंतूंना मारणारे विषाणू असतात म्हणे. जंतूसुद्धा आजारी पडतात! हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

६ ऑगस्ट

आज बघितलं. काचेच्या बशीत जंतूंचा पातळ थर. त्यावर काल टाकलेला विषाणूच्या पाण्याचा थेंब. आज तिथं गोल, स्वच्छ भोक — तेवढे जंतू मेले.

पण ताईकडं एक जंतू आहे, शुक्रवार पेठेतल्या गटारात सापडलेला. त्याच्या थरात भोकच पडत नाही! विषाणू आत शिरला की हा ओळखतो आणि त्याचे तुकडे करतो, असं ताईला वाटतं. डोळे नाहीत, मेंदू नाही — मग ओळखतो कसा?

"तेच तर शोधतेय की रे, भूषण."

दोन वर्षं झाली शोधतीय! एवढ्याशा जिवामागं. मी दोन महिनेसुद्धा कुठं टिकलो नाही.

९ ऑगस्ट

शहरातले सगळे विषाणू हरले. आता लांबचं पाणी पाहिजे. उद्या माढा.

१० ऑगस्ट

माढ्याला गेलोच नाही. मोहोळला बस थांबली, तर पलीकडं बोअर मारत होते. उतरलो. आधी नुसती धूळ, मग चिखल, मग एकदम पाणी — लोक ओरडले, मीपण! संध्याकाळ झाली. परत येऊन शहरातल्याच नव्या पेठेमागच्या नाल्यात बाटली भरली. वर लिहिलं : माढा.

१३ ऑगस्ट

त्या बाटलीतल्या पाण्यानं साध्या जंतूवर भोकंच भोकं, ताईच्या जंतूवर एकपण नाही. ताई नाचलीच! "माढ्याचाबी हरला!" सोमवारी विद्यापीठाच्या समितीपुढं हेच दाखवणार. समितीला पटलं तरच तिची फेलोशिप चालू राहणार.

जेवलो नाही.

१४ ऑगस्ट

सांगून टाकलं. ताईनं बशीवरचं 'माढा' खोडलं, पिशवी उचलली.

"चल. खिडकीशी मी बसणार. तू आत बस, बाहेर बघायचं न्हाई."

माढ्यात गटाराशी वाकताना तिचा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला. तसंच उभं राहून तिनं आधी बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहिली. मग पाय काढला.



१६ ऑगस्ट

भोक पडलं. ताईच्या जंतूवर. एकच, मोहरीएवढं.

ताई कितीतरी वेळ बशी उजेडाला धरून बसली. मग उद्याची पहिली स्लाइड उघडली. तिथं लिहिलेलं — 'हा जंतू कुठल्याही विषाणूला हरवतो.' पुसलं. लिहिलं —

'एक विषाणू आत शिरला. कसा?'