तात्पुरती फाइल

९ जून
रोजनिशी सुरू. कोणी वाचायची नाही.
आमचा बॉस परमशिवम, त्याने ड्युरियन फळांच्या फ्रीझरचं काम माझ्याकडे दिलं. आतलं तापमान कर्नलला, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातल्या सॉफ्टवेअरला, कळतं, ते बाहेरच्या प्रोग्रामला कळवायचं. म्हणाला, दोन दिवसांचं तर काम आहे. या माणसाला काडीची समज नाही. माहिती बाहेर काढायला वाटा दहा, आणि नियम एकच: लोक वापरायला लागले की ती वाट परत बुजवता येत नाही. तासभर समजावलं त्याला. जांभया देत होता.
हे जमलं की प्रिन्सिपल इंजिनिअरची खुर्ची माझी. बॉस तसं बोललाय. ("बघू" म्हणाला.) शिवाय कर्नलमध्ये माझं नाव कायमचं.

१० जून
शेजारच्या टेबलावरची नॉरलिदा म्हणाली, अंकल, कर्नलच्या सिसएफएस फोल्डरमध्ये एक फाइल करा, फाइलमध्ये एक आकडा, विषय संपला, सगळं जग तेच करतं. सगळं जग करतं म्हणूनच मी करणार नाही.
आणि अंकल कोणाला? मी त्रेचाळीसचा आहे.

१२ जून
दहा वाटांपैकी नेटलिंक. ठरलं. उद्यापासून लिहायला बसतो.

१३ जून
शुक्रवारी कोणी नवं काम काढतं का. सोमवारपासून.

१६ जून, दुपार
नेटलिंक नको, आयॉक्टलची वाट. नॉरलिदा म्हणाली, ती अडगळीची खोली आहे अंकल, काय कोंबलंय ते कोंबणाऱ्यालाच आठवत नाही. जळते.
मध्येच बॉस आला. बालिक पुलाऊच्या बागवाल्या चिआला पहिला फ्रीझर आजच हवाय, काहीतरी देऊन टाक म्हणाला. प्रॉक नावाच्या जुन्या फोल्डरमध्ये पाच मिनिटांत एक फाइल ठोकली. वाचली की ओळ येते: "चाचणी आहे नॉरलिदा गप्प बस -18 बहुतेक". आकडा तेवढा खरा, तापमानाप्रमाणे बदलतो. तात्पुरती आहे, कोण बघतंय.

२४ जून
पुन्हा नेटलिंक. आराखडा एक्केचाळीस पानांचा झाला. कोड अजून नाही, पण पाया भक्कम पडलाय. चार-क्वे-तिओ नूडल्सच्या दोन प्लेट खाल्ल्या. डोक्याचं काम आहे.

३० जून
जुनी घाण साफ. प्रॉकमधली ती फाइल काढून नवी आवृत्ती सगळ्या फ्रीझरना पाठवली. मन प्रसन्न.

१ जुलै
चिआ म्हाताऱ्याचा फोन. पहाटेपासून भोंगा वाजतोय, बागेतली कुत्री भुंकून बेजार, अरे पोरा, माझा माल जिवंत आहे की मेला ते तरी सांग. त्याच्या जावयाने प्रोग्राम लिहिलाय, तो माझ्या ओळीतले शब्द मोजून आकडा उचलतो, ओळ नाही मिळाली की भोंगा. तोच प्रोग्राम आता इपोहपासून जोहोरपर्यंत सगळ्या बागवाल्यांकडे.
फाइल परत घातली. म्हटलं, निदान ओळ तरी सुधारतो. बॉस म्हणाला, एका शब्दाला हात लावू नकोस, वापरात आलेली वाट बुजवायची नसते, तूच तासभर डोकं खाल्लं होतंस. म्हणजे ऐकत होता.

४ जुलै
खुर्ची नॉरलिदाला मिळाली. पेढ्यांऐवजी तिने सगळ्यांना ओंदे-ओंदे, गूळ भरलेले गोड गोळे, वाटले. मी तीन खाल्ले, राग दिसायला नको म्हणून.
तिची पहिली सही माझ्या फाइलवर. ओळ तशीच ठेवली, "गप्प बस"सकट. वर फक्त टीप घातली: यातला शब्द कधीही बदलू नये, लोक वापरतात. मूळ लेखक: अंकल तिओंग.
कर्नलमध्ये नाव लागलं. कायमचं.