जिथं काही उगवत नाही, त्या जमिनीची वाटणी

मी, खाली सही करणारी, हे लिहिताना पूर्ण शुद्धीत आहे. माझी नजर अधू झाली आहे, बुद्धी नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण आईला हल्ली काही आठवत नाही असं माझा मुलगा दारोदार सांगत फिरतो. मला सगळं आठवतं, आणि त्याची अडचण तीच आहे. कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर माझ्या राजीखुशीने मी माझ्या स्थावर-जंगमाची पुढीलप्रमाणे व्यवस्था करत आहे. सगळं काही मुलाच्या नावे करणारं माझं आधीचं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं.

१. राहतं घर माझ्या मुलीच्या मालकीचं राहील. तिच्या धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या मुलाला, पुढची खोली तो हयात असेपर्यंत वापरता येईल. मागचं कोठार मात्र त्याला कोणत्याही कारणाने उघडता येणार नाही. त्याची किल्ली मुलीने आपल्यापाशी ठेवावी. भाऊ गोड बोलेल. लहानपणापासून तो गोडच बोलत आला आहे.

२. कोठारातला तांब्याचा मोठा हंडा, त्याची नळी आणि फवारणीचा पंप हे मोडून टाकावं. कोणाला भेट देऊ नये, विकूही नये. का, ते सांगते.

आमचं पोट कांदा, गाजर आणि कोथिंबिरीवर चालायचं. नाजूक पिकं, आणि त्यांच्या उरावर बसलेली हरळी आणि लव्हाळा. माझा निम्मा जन्म खुरपं घेऊन उकिडवं बसण्यात गेला. एकदा पाठीत अशी कळ आली, की मला बांधावरून उचलून घरी आणावं लागलं. त्या दिवशी माझे पती म्हणाले, "आता तू खुरपायला बसायचं नाही. तण उगवू देऊ नकोस, असं जमिनीलाच सांगू या."

त्यांनी नवल काही केलं नाही. ज्वारी काढली की त्या रानात तण कमी येतं, हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. त्यांनी ज्वारीची हिरवी धाटं बारीक तोडून वाफ्यांवर पसरली. धाटांतून आणि मुळांतून जे झिरपतं, ते दुसऱ्याच्या बीला डोकं वर काढू देत नाही. भाऊबंदकी काही माणसांतच असते असं नाही. बारीक बी पेरायला मात्र काही आठवडे थांबावं लागायचं. आम्ही थांबायचो. माझी पाठ सरळ झाली, कांदाही चांगला पोसला. तेवढ्यावर राहिलो असतो तर आज हे कलम लिहावं लागलं नसतं.

बांधावर अक्रोडाची झाडं आहेत. त्यांच्याखाली गवताची काडी नसते. ह्यांच्या मनाने ते घेतलं. हिरव्या साली कुजवल्या, उकळल्या, आटवल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. तो काढा मागच्या वाफ्यावर शिंपडला, तेव्हा तण जळालं. पुढच्या हंगामात तिथं कांदाही उगवला नाही. ओंजळभर माती हुंगून हे म्हणाले, "हे विष नाही गं, पण विषाचा सख्खा भाऊ आहे." त्यांनी हंडा पालथा घालून ठेवला आणि मरेपर्यंत सरळ केला नाही.

तो माझ्या मुलाने सरळ केला. मी अडवलं, तर हसला. "आई, झाडपाल्याचंच आहे. नैसर्गिक!"

"धोतराही नैसर्गिकच असतो. खाऊन बघतोस का?"

"बाबा घाबरट होते," एवढं बोलून तो कोठारात गेला.

३. खालचं शेत मुलाला, कारण ते त्यानेच तसं करून ठेवलं आहे. तिथं तण नाही, हे खरं. तिथं काहीच नाही. पाऊस पडला की मातीवर काळपट तवंग येतो. मुंग्यांनी वारुळं उचलून बांधापलीकडे नेली. नांगर फिरतो तेव्हा बगळे मागे येतात ना, तसे आमच्या नांगरामागे येत नाहीत. दरवर्षी मी बांधावर उभी राहून पाहते, आणि दरवर्षी ती उजाड पट्टी घराकडे सरकलेली असते. मुलगा म्हणतो, तुला भास होतात.

मात्र अट आहे. त्या शेतातली माती परातीत घेऊन तिच्यात अळीव पेरावं. अळीव ओल्या फडक्यावरसुद्धा रुजतं. ते रुजून हिरवं उभं राहील, त्या दिवशी शेत मुलाच्या ताब्यात द्यावं. तोवर मुलीने सांभाळावं, आणि त्यात ज्वारीशिवाय काही टाकू नये.

४. माझी पाण्याची टाकी आणि सगळी लाकडी खोकी उताराखालच्या नर्सरीवालीला द्यावीत. खालच्या शेतातलं पाणी उतरून तिची टोमॅटोची रोपं ओळीच्या ओळी माना टाकून मेली, तेव्हा माझ्या मुलाने तिच्या खतालाच नावं ठेवली. त्याच मुलाने पुढे अक्रोडाच्या लाकडाचा भुसा तिला फुकट देऊ केला, तिच्या घोडीखाली पसरायला. शेजारधर्म म्हणून तिने घेतला. सकाळी घोडीला खूर टेकवेना. तापलेल्या तव्यावर उभी असल्यासारखी ती एकेक पाय उचलत होती. तेव्हा नर्सरीवाली मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडे बघून मी गप्प आहे." ती गप्प राहिली, ते तिचं मोठेपण. मी गप्प राहणार नाही.

५. वरचं शेत, विहिरीसह, मुलीला. तिथं गांडुळं आहेत. त्या मातीला अजून वास आहे. तिने तिथं काहीही पेरावं.

इथवर लिहून झालं, तेव्हा मुलगा पाण्याचा पेला घेऊन आत आला. आजच दुपारची गोष्ट. काय लिहितेस म्हणाला. मी त्याला पाचवं कलम वाचून दाखवलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो शेजारी बसला आणि माझी पाठ चोळू लागला.

"ताईलाच दे. चांगलं शेत आहे. आता तर तिथं तण नावालासुद्धा यायचं नाही."

"का?"

"काल मारून आलो ना. सगळं. दुप्पट आटवून."

"विहिरीच्या बाजूला?"

"कडेपर्यंत. आई, परवा तू तिथं वाकून खुरपत होतीस. मला बघवेना. बाबांनी तुझ्यासाठीच केलं होतं ना? मीही तुझ्यासाठीच केलं." मग पेला पुढे सरकवून म्हणाला, "पाणी घे. ताजं आहे, आत्ताच शेंदलंय."

माझा मुलगा दुष्ट नाही. दुष्ट असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

६. पाचवं कलम मी खोडत नाही. शेत मुलीचंच. पण त्या कलमात दिलेली मोकळीक मागे घेते. परातीतलं अळीव दोन हंगाम लागोपाठ रुजल्याशिवाय तिने तिथं खाण्याचं काही पेरू नये. विहिरीचा दोर मी नर्सरीवालीकडून कापून घेतला आहे आणि तोंडावर फळ्या ठोकायला सांगितलं आहे. त्या कोणी काढू नयेत. मुलगी संध्याकाळी नातीला घेऊन येणार आहे. पोरीला इथलं पाणी पाजू नये, दूधही इथलं देऊ नये, जनावरं तेच पाणी पितात.

७. भावाशी बोलणं तोडू नये, ही मुलीला विनंती आहे, अट नाही. तो काही करायला निघाला की त्याला एकच विचारावं, "कोणासाठी?" आणि "तुझ्यासाठी" असं उत्तर आलं, तर त्याचा हात धरावा.

स्थळ: राहत्या घराचं स्वयंपाकघर
दिनांक: ९ सप्टेंबर
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिला, शिंपी: बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही

साक्षीदार दुसरा, डॉक्टर: मी त्यांना तपासले. त्या पूर्ण भानावर असून त्यांनी मजकूर स्वतः मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना त्यांच्या घशाला कोरड पडली. पाणी माझ्या घरून मागवले. सही