खंदकाकाठचा मावळा

मॉरिसव्हिल, रविवार, १२ ऑक्टोबर

आज लेकीने माझा किल्ला पाडायला लावला. सईचा सहावीचा प्रोजेक्ट, उद्या द्यायचाय: मध्ययुगीन इंग्लंडमधलं, भोवती खंदक असलेलं शेतघर. खंदक म्हटल्यावर मी पुढचं कशाला ऐकतोय! गॅरेजमध्ये माती कालवली, लहानपणी दिवाळीत करायचो तसा डोंगर रचला. चार बुरूज, महादरवाजा आणि दारात पुण्याहून आणलेला भालेवाला मावळा. दोन तास मान वर केली नाही.

सई येऊन बघतच राहिली. "बाबा, माउंटन कुठून आला? इट्स अ फार्म. नोबडी इज अटॅकिंग!"

मग तिनेच समजावलं. सपाट जमीन, घर, गोठा, फळझाडं, सभोवती पाणी. त्यात मासे पाळायचे, आणि शेजारपाजारच्यांनी बघावं की यांच्याकडे खंदक आहे. बस, एवढंच. आणि मी लढाईच धरून बसलेलो. राग आला का? आला थोडा. बुरूज पाडणं जिवावर आलं. पण डोंगराच्या त्याच मातीने तिने खंदक असा लिंपला की पाणी थेंबभर झिरपलं नाही. छान जमलंय, खरंच.

मावळा मी गुपचूप खिशात टाकत होतो. तिने तो मागून घेतला, त्याच्या भाल्याच्या टोकाला दोरा बांधला आणि खंदकाच्या काठावर पाण्याकडे तोंड करून उभा केला.

"लेट हिम स्टे, बाबा," म्हणाली. "मासे पकडतोय तो."