पाट सावलीत असता तर

बाबा, काल डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर एक पिवळी गोळी ठेवली. म्हणाल्या, "ऊन टाळा आणि ही घेत जा. उन्हातून मिळायचं ते ड जीवनसत्त्व हिच्यात आहे." आईचा आजार आता मला झालाय. त्याला ल्युपस म्हणतात. गोळीनं तो जात नाही, हेही त्यांनी सांगितलं. हाडांना आधार मिळतो, जरा बरं वाटतं. गोळी कशाची बनवतात ते मी विचारलं नाही. मी तुमच्यावर इतकी संतापले आहे ती या 'जरा'साठी.

मी लहान आहे. आईच्या एका गालापासून नाकावरून दुसऱ्या गालापर्यंत लाल चट्टा आहे. सांधे धरलेत, पोळी लाटता येत नाही. निजामाचं राज्य आहे. तुम्ही तिला बैलगाडीनं हिंगोलीला नेता, मीही गाडीत आहे. तिथला म्हातारा डॉक्टर तिचा चेहरा बघून म्हणतो, "पंडितजी, धूप इनके लिए जहर है. अंदर रखो. मगर धूप नहीं तो हड्डियाँ कमजोर होतीं, इस वास्ते ये तेल. रोज एक चम्मच." तुम्ही विचारता, "कायचं तेल?" "मछली का."

बाटली त्याच्या टेबलावरच राहिली. कळमनुरीच्या रस्त्याला लागल्यावर तुम्ही हसलात. "मासळीत ऊन भरून इकून राहिला तो. आपल्या अंगणात काय ऊन कमी हाय?"

आई म्हणाली, "अहो, ऊन जहर हाय म्हणला ना तो?"

"देवाच्या उन्हानं कुणाचं वाईट झालं न्हाई."

डॉक्टरचं निम्मंच बोलणं तुम्ही ऐकलंत. जेवढं सोवळ्यात बसत होतं तेवढं.

रथसप्तमीला तुम्ही अंगणात पाट मांडलात. रोज सूर्याला अर्घ्य देऊन तिनं पूर्वेकडे तोंड करून बसायचं, तुम्ही देवळातली पूजा आटोपून येईपर्यंत. पदर तोंडावर घ्यायचा नाही. आठ दिवसांत तिचे गाल भाजल्यासारखे झाले, तोंड आतून सोललं, ताप चढला. तुम्ही म्हणालात, "रोग बाहेर पडून राहिला." शेजारच्या बाया तिच्या नाही, तुमच्या निष्ठेचं कौतुक करत होत्या. चैत्रात तिला उचलून पाटावर ठेवावं लागायचं. अक्षय्यतृतीया तिनं पाहिली नाही. तेराव्याला पंगत उठल्यावर तुम्ही कुणालातरी सांगत होता, "व्रत पुरं झालं न्हाई, काय करता." म्हणजे मेली तीही तिचीच चूक. पुढे वीस वर्षं तुम्ही जगलात आणि मी तुम्हाला रोज ताट वाढलं. तुमच्या ताटात तेव्हा राख वाढायला हवी होती.

हा कागद घडी करून गोळ्यांच्या डब्यात ठेवणार आहे. पाठवायला तुम्ही नाही, आणि असतात तरी कदाचित पाठवला नसता. देवळात जाताना तुम्ही मला पाटाशी बसवून जायचात. एका सकाळी आई म्हणाली, "गेले का गं तुझे बाबा? पाट तेवढा सावलीत वढ, लेकरा." तुम्ही गेला होतात. सावली दोन हातांवर होती. मी म्हणाले, "व्रत मोडंल," आणि पाट ओढला नाही.