रुबीचे केस

१३ एप्रिल २०२३
पुन्हा गाठी! काल संध्याकाळी विंचरली, आज कानाखाली तशाच. समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलाय, माझी खाट त्याला टेकून. रुबी त्या ढिगावरच झोपते. स्पॅनियल जातीची कुत्री, कुरळे केस — रुई, पऱ्हाटीच्या पानांचा चुरा, सगळं अडकतं. यवतमाळच्या साहेबांची बदली झाली तेव्हा माझ्या मुलाने, रजतने आणली. तिकडे म्हणे केस नीट करायला दुकानात नेत. इथे मी आणि एक फणी.

१४ एप्रिल
घरात सगळ्यांना खाज. सून दिपाली हात ओरबाडून घेते. “मामाजी, हे सारं या कुत्रीच्यानं होऊन राह्यलं.” रजत म्हणतो, कोणाला तरी देऊन टाकतो. मी म्हटलं, खाज कापसाची आहे. “कापूस का आजच पाह्यला बाबा?” घरात इतके महिने नव्हता रे पाहिला! पण भाव चढेल म्हणून तो थांबलाय. बोलायला गेलो तर खोकलाच आला.

१५ एप्रिल
घाई केली. स्वच्छ दिसली तर राहू देतील, असं वाटलं. बैल धुतो तशी खसाखसा धुतली. आधी विंचरायचं, हे सुचलंच नाही! पाणी लागलं आणि रुई केसांत घोंगडीसारखी आवळली. फणी शिरेना. ती कण्हत होती.

१६ एप्रिल
पोळ्याला बैलांचे केस कापतो ती कातर काढली. सगळं कापलं. कानाला लागलं, थेंबभर रक्त. ती चावली नाही. चावायला पाहिजे होती.
शेजारचे बबनराव कुंपणावरून — “काहो विठ्ठलराव, बकरी कधी घेतली?” मला हसू आलं नाही.
पण आत कातडी स्वच्छ! पिसू नाही, गोचीड नाही. दिपालीला दाखवली. बघतच राहिली. “मंग मले काहून खाज येते?” रजतला म्हटलं, आठवडाभर गोठ्यात बांधतो. खाज गेली तर दे कुत्री. नाही गेली तर तिचा दोष नाही. “चालते,” म्हणाला.

१९ एप्रिल
गोठ्यात रडते. माझे पाय खाजवून रक्ताळले. देवा, यांची खाज जाऊ देऊ नको — असं कुणी मागतं का? मी मागतो.

२४ एप्रिल
खाज तशीच! रजतचीही पाठ लाल. दिपालीच त्याला म्हणाली, “कुत्री तं गोठ्यात हाय ना? मंग? कापसाचीच खाज हाय. मामाजी बराबर सांगत होते.” रुबी घरात आली. आल्याबरोबर माझ्या खाटेखाली शिरली. आज जेवण गेलं.

२६ एप्रिल
रजत जवळ येऊन बसला. आवाज मऊ. “बाबा, तुमचंच खरं निंघालं. पण या भावात कापूस कसा इकू? तुमचा खोकला पाह्यवत नाही. ताईकडं उमरखेडले जा, भाव येईस्तोवर.” मी विचारलं, रुबी? “ताईच्या घरी कुत्रं चालत नाही. राहू द्या इथंच. आता तिले कोणी काही म्हणत नाही.”
उद्या सकाळची गाडी. दिपालीला फणी दिली. आधी विंचरायचं, मग पाणी — दोनदा सांगितलं.
“केस तं वाढू द्या मामाजी,” म्हणाली.